तेवीस थेंब

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कुणी कधी बाराखडी लिहिली नाही, की कविता उतरवली नाही. मी दवाखान्यातला फळा. लेकरांच्या वॉर्डात, दारातून आत आलं की उजव्या हाताला, दोन खिळ्यांना टांगलेला. उदगीरच्या पुढं देगलूरच्या वाटेवर एक गाव आहे, तिथला तो सरकारी दवाखाना. गावाचं नाव सांगत नाही. चूक माझी, गावाला कशाला बोल लावायचा?

आपली गोष्ट सांगायला बसलं की जो तो आधी शेखी मिरवतो. मीही मिरवणार आहे थोडी, मोडत नाही ती सवय. पण मी हे कौतुकासाठी सांगत नाही. कितीतरी वर्षं छातीवर धोंडा घेऊन टांगलेला आहे मी. सांगून तो उतरणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो.

बहात्तरच्या दुष्काळात मी फळा झालो. त्याआधी मी एका बैलगाडीच्या तळाच्या फळ्या होतो. त्या साली चारा संपला, बैल गेले, गाडी नुसती दारात उभी राहिली. धन्यानं ती मोडायला काढली. जवळच तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं. शेकडो बायामाणसं तिथं माती टाकायला, खडी फोडायला यायची. कामावरच्या सुतारानं माझ्या चार फळ्या जोडल्या, मागून दोन पट्ट्या ठोकल्या, काळा रंग दिला आणि आज माणसं किती आली ते लिहायला मला बाभळीला टांगलं.

उन्हाळ्यात तिथं हगवणीची साथ आली. प्यायला पाणी गढूळ, आणि तेही मोजकं. चांगली धडधाकट माणसं दोन दिवसांत चिपाडासारखी सुकून आडवी व्हायला लागली. मग दवाखान्याचा तंबू लागला आणि तंबूत शांतम्मा सिस्टर आल्या. नुकत्याच नर्स झालेल्या, उदगीरच्या लिंगायत दुकानदाराची लेक. कपाळाला विभूती, मनगटाला सेकंदकाट्याचं घड्याळ, आणि बोलणं असं की तलावावरचा मुकादमही दबकून असायचा. सलाइनच्या बाटल्या त्यांनी तंबूच्या खांबाला टांगल्या, बाभळीच्या फांदीला टांगल्या, जिथं जागा मिळेल तिथं टांगल्या.

मित्रांनो, सलाइन नुसतं सोडून देऊन भागत नाही. फार वेगानं गेलं तर लहान लेकराच्या छातीत पाणी भरतं. फार हळू गेलं तर सुकलेलं शरीर सुकलेलंच राहतं. म्हणून डॉक्टर सांगतात, ही बाटली इतक्या तासांत गेली पाहिजे, आणि मिनिटाला थेंब किती पाडायचे ते नर्सनं काढायचं. गणित तसं सोपं आहे. आमच्या वेळची काचेची बाटली पाचशे चाळीस सीसीची. आमच्या रबरी नळीच्या सेटमधून पंधरा थेंब पडले की एक सीसी भरायचा. म्हणजे पुऱ्या बाटलीचे थेंब झाले आठ हजार शंभर. ती सहा तासांत द्यायची, म्हणजे तीनशे साठ मिनिटांत. भागून बघा, साडेबावीस येतात. अर्धा थेंब काही कुणाला पाडता येत नाही, म्हणून तेवीस.

शांतम्मांनी हे सगळं पहिल्याच दिवशी माझ्यावर खडूनं मांडलं. माणसांचा आकडा पदरानं पुसला आणि त्या जागी हे लिहिलं. त्या तंबूत खाटेवरून आलेली माणसं पायानं चालत घरी गेलेली मी पाहिली आहेत. साथ सरली, तंबू उठला, तेव्हा शांतम्मांनी मला जीपमध्ये घातलं. "ह्या फळ्याचा पायगुण चांगला हाय," म्हणाल्या. मला पाय कुठले, पण गुण मात्र लागला.

वॉर्डात आल्यावर खडूचं लिहिणं टिकेना. लेकरं बोटं फिरवायची, त्यांच्या आयांचे पदर लागायचे, सकाळचा चौतीस दुपारपर्यंत चार होऊन बसायचा. वॉर्डबॉय धोंडप्पाला सगळे बॉय म्हणायचे, पण तो तेव्हाच पन्नाशीला टेकलेला. खाटांचे नंबर रंगवून त्याच्याकडं पांढरा ऑइलपेंट उरला होता. शांतम्मांनी एकेक आकडा काढून दिला आणि धोंडप्पानं तो जीभ दातांत धरून माझ्यावर रंगवला. डावीकडं बाटली किती तासांत, उजवीकडं मिनिटाला थेंब किती. तीन तास, पंचेचाळीस. चार तास, चौतीस. सहा तास, तेवीस. आठ तास, सतरा.

आता नीट बघा, काय लिहायचं राहिलं ते. पंधरा थेंबांचा एक सीसी, हे माझ्या अंगावर कुठंच नव्हतं. ते शांतम्मांच्या डोक्यात होतं. त्यांना वाटलं असणार, हे काय लिहायचं, हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

मग माझे दिवस आले. उस्मानाबादेहून मोठे साहेब तपासणीला आले. आम्ही तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतो. ते माझ्यापुढं थांबले आणि म्हणाले, "असा फळा मी कुठं बघितला नाही." दुसऱ्या वॉर्डातल्या नर्सा माझे आकडे वहीत उतरवून न्यायच्या. खंडेनवमीला धोंडप्पा कात्र्या, चिमटे, सुया उकळायचं भांडं असं सगळं मांडून पूजा करायचा आणि शेवटी मला झेंडूची माळ घालून हळदकुंकू लावायचा. शांतम्मा तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढायच्या. ती माळ पुढच्या दसऱ्यापर्यंत माझ्या गळ्यात असायची, वाळून कोळ झालेली.

नवी नर्स आली की आधी विचारायची, "सिस्टर, सहा तासाला तेवीसच का?" सुरुवातीला शांतम्मा तिला कागदावर सगळं मांडून दाखवायच्या. पुढं कामाचा रेटा वाढला, तेव्हा नुसतं माझ्याकडं बोट करायच्या. आणखी पुढं कुणी विचारेनासंच झालं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. कुणी माझ्यासमोर कागद घेऊन भागाकार करायला बसलं असतं, तर मला अपमान वाटला असता.

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. आमचं गाव उस्मानाबादेतून लातुरात गेलं. दवाखान्यात पेढे वाटले. जुन्या कागदांवरचं उस्मानाबाद खोडून वर लातूरचा शिक्का मारायचं काम धोंडप्पाकडं आलं. तो शिक्का असा हाणायचा की टेबलावरची शाईची दौत उडायची. दारावरची पाटी बदलली, पत्ता बदलला, सामान यायचं ते ठिकाण बदललं. माझ्यावर मात्र कुणी काही खोडलं नाही. मी पडलो पूजेचा.

त्या साली पावसानंही पाठ फिरवली. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या, गावोगावी टँकर सुरू झाले, आणि मे महिन्यात आमचा वॉर्ड लेकरांनी भरून गेला. सगळ्यांना तेच, उलट्या आणि हगवण. एकेका खाटेवर दोन-दोन लेकरं. सलाइनच्या बाटल्या पुरेनात. अशा वेळी नव्या जिल्ह्याच्या कोठारातून नवे सेट आले. प्लास्टिकचे, स्वच्छ, पाकीटबंद, एकदा वापरून टाकायचे. उकळायची कटकट गेली. थेंब पडतो त्या कुपीत आतून एक बारीक सुई बसवलेली होती, त्यातून थेंब कसा टिपूसभर पडायचा. लहान लेकरांसाठीच बनवलेले सेट होते ते.

आणि काय सांगू, बाटल्या पुरायला लागल्या. जी बाटली सहा तासांत संपायची ती दिवस दिवस जायची. घोटभर पाण्यासाठी मैल मैल चालणारा आमचा मुलूख. पाणी पुरायला लागलं तर इथं कुणी का म्हणून विचारत नाही, हात जोडतो. "बरकत आली," धोंडप्पा म्हणाला. "नव्या जिल्ह्याचा पायगुण." शांतम्मांनाही हायसं वाटलं. त्या आता मोठ्या सिस्टर झाल्या होत्या. तीन वॉर्ड, साथीचे कागद, बाटल्यांसाठी लातूरच्या खेपा, खाटेजवळ उभं राहायला त्यांना वेळ उरला नव्हता. लेकरं म्हणावी तशी सुधारत नव्हती, त्याचं खापर उन्हावर फुटायचं, नाहीतर उशिरा आणणाऱ्या आईबापांवर. माझ्याकडं कुणाचं बोट आलं नाही. दहा दिवस असे गेले.

अकराव्या दिवशी सकाळी शांतम्मा पहिल्या गाडीनं लातूरला गेल्या. वॉर्डात शिवकन्या एकटी. ती लोह्याकडची, नोकरीला लागून सात महिने झालेली, मन लावून काम करणारी पोर. गणिताचा मात्र तिला धसका होता. माझ्यावर तिचा भारी जीव, कारण मी असताना तिला काही मांडावं लागत नव्हतं.

नऊच्या सुमाराला गुणाबाई आली. जळकोटकडच्या एका वाडीची, तिशीच्या आतली बाई. खांद्यावर दोन वर्षांची गौरा, मान टाकलेली. डोळे खोल गेलेले, रडायची पण डोळ्यांत पाणी नव्हतं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहायची. बाहेर जीप उभी होती, डॉक्टरसाहेबांना साथीच्या गावांना जायचं होतं. त्यांनी गौराला तपासलं, "हिला एक बाटली सहा तासांत गेलीच पाहिजे," असं सांगितलं, लिहून दिलं आणि गेले.

शिवकन्यानं पाकीट फाडलं, सेट जोडला, सुई लावली. मग माझ्याकडं बघितलं. सहा तास, तेवीस. तिनं नळीचं चाक फिरवून थेंब जुळवले, घड्याळ धरून पुरं मिनिट मोजले, परत मोजले. बरोबर तेवीस. तिच्या हातून तसूभर चूक झाली नाही, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं तिनं स्वतःला फार कोसलं.

गुणाबाई खाटेच्या कडेला बसली. बसल्या बसल्या तिनं कपाळाच्या कुंकवाला बोट लावलं, स्टुलावर चढली आणि बाटलीवर पाण्याच्या रेषेला एक टिकली लावली. वऱ्हांड्यातल्या घड्याळाचा टोल पडला की पुन्हा चढायची आणि पाणी असेल तिथं दुसरी लावायची. अकरा वाजता ती शिवकन्याकडं आली.

"बाई, ह्ये पानी उतरंना झालंय."

"उतरायलंय की, ताई. थेंब पडायलेत बघा."

"थेंब पडायलेत. पर पानी उतरंना."

शिवकन्यानं पुन्हा घड्याळ धरलं. "तेवीस पडायलेत. फळ्यावर तेवढेच लिवलेत."

गुणाबाईनं माझ्याकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं. तिला दिसली ती माळ, हळदकुंकवाचे डाग आणि विभूतीचे पट्टे. तिनं पदर सावरला आणि दोन्ही हात जोडून मला नमस्कार केला. त्या नमस्कारानं मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला बरं वाटलं, आणि हीच माझी सगळ्यात मोठी शरम आहे.

बाराचा टोल पडला. गौराचं रडणंही आता बंद झालं होतं. गुणाबाई परत आली. ह्या वेळी तिचा आवाज चढला होता.

"बाई, राग नगा धरू. आमच्या हिरीत तळाला एकच झरा हाय. आमी बायका पाळीनं उतरतो, वाटीनं पानी भरतो. झरा कसा बी टपकू द्या, आमी टपटप न्हाई मोजत, वाट्या मोजतो. सत्तर वाट्या झाल्या की घागर. थेंब बारीक असतो, मोठा बी असतो. त्येचा काय भरवसा?"

शिवकन्या गोंधळली. तिनं बाटलीकडं बघितलं, त्या टिकल्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ताई, फळा मोठ्या सिस्टरनी लिवलाय. मी कसं बदलू? त्या दुपारच्या गाडीनं येतील, त्यांना विचारू."

आणि काखेत कळसा अन् गावाला वळसा, तसं झालं. माझ्या खाली कचऱ्याची टोपली होती. त्यात सकाळी फाडलेलं पाकीट पडलं होतं, आणि त्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं की ह्या सेटचे साठ थेंब म्हणजे एक सीसी. पंधरा नव्हे, साठ. म्हणजे मिनिटाला तेवीस थेंब पाडले तरी गौराला मिळत होतं ते चौथाई पाणी. अकरा दिवस वॉर्डातल्या प्रत्येक लेकराला चौथाईच मिळत होतं. म्हणून बाटल्या पुरत होत्या.

फळ्याला बोलता येत नाही, ही सबब मी स्वतःला किती वेळा सांगितली असेल. पण लिहिलेलं बोलतच असतं. मी त्या दिवशी बोलत होतो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं बोलत होतो, आणि खोटं बोलत होतो.

एक वाजता शांतम्मा आल्या. अंगावर रस्त्याची धूळ, मागं धोंडप्पा डोक्यावर बाटल्यांचं आणि सेटचं खोकं घेऊन. गुणाबाईनं वाटेतच त्यांचा हात धरला आणि ओढत खाटेजवळ नेलं. "नऊपासनं पाच टिकल्या लावल्या, अव्वा. पाची एका पेरात बसल्यात."

शांतम्मांनीही आधी माझ्याकडंच बघितलं. मग थेंब मोजले. तेवीस. "बरोबर आहेत," असं म्हणायला त्यांचं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी गौराच्या पोटाची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. त्यांनी खोक्यातून नवा सेट काढला, दुसऱ्या बाटलीला लावला, सुई आणि दट्ट्या काढलेली सिरिंज टोकाला बोट लावून डाव्या हातात उभी धरून तिच्यात थेंब पाडायला लागल्या. तोंडानं मोजत होत्या. पंधरा झाले, सिरिंजमध्ये जेमतेम तळ ओला. तीस. पंचेचाळीस. साठाला पाणी एक सीसीच्या रेघेला लागलं. शांतम्मांनी वाकून टोपलीतलं पाकीट उचललं, वाचलं, आणि तशाच कपाटाकडं धावल्या.

कपाटात जुने रबरी नळीचे दोन सेट उकळून ठेवलेले होते. त्यांनी गौराचा सेट बदलला, चाक मोकळं सोडलं आणि स्वतः स्टूल ओढून नाडी धरून बसल्या. धोंडप्पाला सायकलवर डॉक्टरसाहेबांच्या मागं पिटाळलं. शिवकन्याला बाकीच्या लेकरांचे थेंब नव्यानं मोजायला लावलं. डॉक्टरसाहेब तासाभरात परत आले. किती पाणी वेगानं द्यायचं, कुठं थांबायचं, ते त्यांनी सांगितलं आणि तेही तिथंच उभे राहिले.

चार वाजले, पाच वाजले. गौरा हलेना. गुणाबाई तिचे तळपाय चोळत होती. मी टांगलेला होतो, दुसरं काय करणार? सहाच्या आसपास गौरानं डोळे उघडले, भोकाड पसरलं, आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं. थोड्या वेळानं ती आईच्या मांडीवर मुतली. सगळं लुगडं भिजलं. गुणाबाई ते ओलं लुगडं उचलून सगळ्यांना दाखवायला लागली, आणि डॉक्टरसाहेबांसकट सगळे हसले. शरीरात पाणी पोचलं होतं. गौरा वाचली.

मला वाटलं, सुटलो.

शांतम्मा गुणाबाईसमोर खाली बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही खरं बोलत होता. नवा सेट आला, त्याचा थेंब बारीक आहे. फळ्यावरचे आकडे जुन्या सेटचे. ते मी लिहिलेत. मी ते बदलले नाहीत, चूक माझी हाय."

गुणाबाईनं हळू आवाजात विचारलं, "ह्या खाटेवर परवा एक लेकरू हुतं म्हनं. त्येची आय रडत गेली, शेजारच्या बायका सांगत हुत्या. त्येला बी हाच फळा हुता का?"

शांतम्मा उठल्या, टेबलावरचं रजिस्टर घेऊन आल्या आणि नव्या सेटचं खोकं फोडल्याच्या दिवसापासून एकेक नाव बोटानं वाचत गेल्या. अकरा दिवसांत एकोणीस लेकरांना सलाइन लागलं होतं. सतरा घरी गेली होती किंवा अजून वॉर्डात होती. दोन नव्हती. डॉक्टरसाहेब म्हणाले, "सिस्टर, ती फार उशिरा आली होती. वाचली असती असं सांगता येत नाही." शांतम्मा म्हणाल्या, "नसती वाचली असंही सांगता येत नाही, साहेब."

दुसऱ्या दिवशी त्यांनी झालं ते सगळं स्वतःच्या हातानं लिहून लातूरला पाठवलं. वरून विचारणा आली, की कुणाची तक्रार नसताना हे लिहिलंच कशाला. चौकशी झाली, त्यांची बढती कितीतरी वर्षं अडकली. शिवकन्या रडून रडून नोकरी सोडायला निघाली होती. तिला त्यांनी दंडाला धरून माझ्यासमोर उभं केलं. "तू फळ्याचं ऐकलंस. फळा मी लिहिला. रडायचं असलं तर मी रडते. तू गणित शीक." आणि एका रविवारी त्या एकट्याच एसटीनं गेल्या, त्या दोन लेकरांच्या गावांना. तिथं काय बोलणं झालं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मग त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं. माळ काढून टाकली आणि फुटक्या बाटलीच्या काचेनं माझ्यावरचे आकडे खरवडायला बसल्या. धोंडप्पा कासावीस झाला. "सिस्टर, पूजेचा फळा हाय. काच नगा लावू."

"पूजा केली म्हणून तर कुणी तपासला नाही, धोंडप्पा."

रंग निघाला तसं माझं लाकूडही सोलून निघालं. दुखलं. पण मी म्हणालो, अजून खरवडा. तेवीस सगळ्यात शेवटी निघाला, त्याच्यावर काच चार वेळा फिरवावी लागली. मग त्यांनी मला पुन्हा काळा रंग दिला, आणि माझ्यावर ऑइलपेंटनं लिहायचं कायमचं बंद झालं. तिथून पुढं नवं खोकं आलं, की आधी एका सेटमधून सिरिंजमध्ये थेंब पाडायचे, एक सीसीला थेंब किती ते मोजायचं, तारीख घालून खडूनं माझ्यावर लिहायचं. गणित ज्या नर्सचं तिनं खाटेजवळ करायचं, आणि दुसरीनं ते तपासायचं. आणि प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाच्या खुणा करायच्या. त्या खुणांना आमच्या वॉर्डात गुणाबाईच्या टिकल्या म्हणतात. पुढच्या खंडेनवमीला धोंडप्पानं मला माळ घातली नाही, नुसतं ओल्या फडक्यानं पुसलं.

एक गोष्ट मात्र ऑइलपेंटनं लिहिली गेली. ती माझ्या पाठीवर आहे. शांतम्मांनी स्वतः लिहिली, धोंडप्पाला हात लावू दिला नाही, आणि मग मला पाठ भिंतीकडं करून परत टांगलं. समोरून कुणाला काही दिसायचं नाही. मला रोज कळायचं.

वर्षं गेली. शांतम्मा निवृत्त झाल्या, धोंडप्पा गेला. खाटेशेजारी आकडे दाखवणारी, टुक-टुक वाजणारी यंत्रं आली. मला उतरवून सामानाच्या खोलीत मोडक्या खाटांमागं ठेवलं. वाळवी लागली, एका कोपऱ्यात उंदरानं घर केलं. मी तक्रार केली नाही. माझ्यासारख्यानं कुठल्या तोंडानं करायची?

एक दिवस खोली आवरायला दोघी आल्या. एक नवी नर्स होती आणि दुसरी शिवकन्या, आता केस पिकलेली, बदल्या होऊन होऊन परत इथंच आलेली मोठी सिस्टर. नव्या पोरीनं मला उलटा केला, फडक्यानं पाठीवरची धूळ पुसली आणि वाचलं. "भुजंग, वय दीड वर्ष. बसम्मा, वय सात महिने." तिनं विचारलं, "सिस्टर, हे देणगीदार का? त्यांच्या नावानं दिलेला फळा हाय का?"

शिवकन्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. "न्हाई गं," ती म्हणाली. "ह्या लेकरांना आम्ही पाणी कमी दिलं."

शिवकन्यानं तिला सगळं सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं तसंच. मग तिला वॉर्डात नेऊन त्या टुकटुकत्या यंत्रासमोर बसवलं, हातात कागद-पेन्सिल दिली आणि यंत्रानं काढलेला आकडा स्वतः काढून बघायला लावला. मला तिनं परत वॉर्डात आणलं, त्याच दोन खिळ्यांना टांगलं. फक्त ह्या वेळी पाठ बाहेर आणि तोंड भिंतीकडं.

मित्रांनो, तुमच्यापुढंही एखादा आकडा येईल. कुणीतरी मोठ्या माणसानं काढलेला, रंगवलेला, हार घातलेला. त्याला नमस्कार करायची घाई करू नका. तो कधी काढला, कशावरून काढला, ते विचारा. आणि एखादी अडाणी बाई येऊन म्हणाली, की पाणी उतरत नाही, तर फळ्याकडं बघू नका, बाटलीकडं बघा. मला जपलं नाहीत तरी चालेल. लाकूड आहे मी, एक दिवस वाळवी संपवेल. त्याआधी कुणीतरी ती दोन नावं माझ्या पाठीवरून दुसरीकडं उतरवून घ्या, एवढंच मागतो.